शहाण्णव ड्रमांची गॅलरी

लातूर, ३ एप्रिल २०१६

तीर्थरूप वीरभद्र मामा,
शरणार्थ.

चार वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नका, आई ठणठणीत आहे. तुमची अक्का रोज सकाळी पाण्यावरून शेजारणीशी भांडते आणि दुपारी तिच्याकडेच चहा प्यायला जाते. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले ते आता कुणी मोजत नाही. टँकर येतो, तोही वार चुकवून.

मी माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. माफी मागायची तर अर्धापूरचं काढावं लागेल, आणि अर्धापूरला माझं गणित बरोबर होतं. तोंड चुकलं, ते मान्य. केळी पिकवायच्या त्या गोदामाला तुम्ही अठरा इंचांचा बीम दिला होतात. मी व्यापाऱ्यासमोर लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "मामांचं अजून अंदाजपंचे दाहोदरसे चालतं, कॉम्प्युटर म्हणतो पंधरात भागतं." व्यापारी खो खो हसला. तुम्ही पेनाला टोपण लावलंत, "मग तूच कर सही" म्हणालात, आणि मी केली. सहा वर्षं तुमच्या नांदेडच्या ऑफिसात, तुमच्या टेबलाला टेबल लावून शिकलेल्या भाचीनं असं करावं! पण तुम्हीही कमाल केलीत. तेव्हापासून आईशी बोलता, बाकी सगळ्यांची चौकशी करता, आणि माझं नाव निघालं की म्हणे तुम्हाला रेंज मिळत नाही.

असो. औसा रोडला माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. दारावर 'शिवकांता, स्ट्रक्चरल इंजिनिअर' अशी पाटी आहे. काम भरपूर आहे. इथं क्लासच्या पोरांसाठी होस्टेलं उगवतात, आणि उदगीर जिल्हा होणार होणार म्हणून तिकडेही लोकांनी प्लॉटांवर खुणा घालून ठेवल्यात. मी सुखात आहे. हे चिडवायला लिहीत नाही, खरंच आहे म्हणून लिहितेय.

एक विचारायचं होतं. एका ओळखीच्या इंजिनिअरची बिल्डिंग आहे, चार मजली. मागच्या बाजूला खोल्यांना लागून गॅलऱ्या आहेत, चार फूट बाहेर आलेल्या, खालून आधार नाही. डिझाइन सॉफ्टवेअरवर झालंय, पुस्तकात गॅलरीसाठी सांगितलेला भार धरलाय, सगळं पास आहे. आता दुष्काळात तिथं माणसांनी पाण्याचे ड्रम ठेवलेत, कठड्याला लागून, ओळीनं. भिंतीजवळ जमिनीला एक बारीक चीर दिसते. अशा वेळी तुमच्या मते काय करावं? घाई नाही, सवडीनं कळवा.

तुमची भाची,
शिवकांता


लातूर, १० एप्रिल २०१६

तीर्थरूप मामा,

माझंच पत्र मला परत आलं. ड्रॉइंग तपासायचात तसं तांबड्या पेन्सिलीनं तपासून. वर नाव नाही, खाली आशीर्वाद नाही. 'एका ओळखीच्या इंजिनिअरची' यावर काट मारून 'तुझी'. 'घाई नाही' याच्याभोवती गोल आणि प्रश्नचिन्ह. समासात 'वरची सळई कुठं आहे?' आणि 'ड्रम कोण भरतं, कधी, किती, विचारलंस का?' अर्धापूरच्या परिच्छेदावर मात्र एक खूणसुद्धा नाही. तो तुम्ही वाचलातच नाही, की तिथं पेन्सिल मोडली?

हो मामा, माझीच बिल्डिंग आहे. अण्णारावांचं मुलींचं होस्टेल. अण्णाराव म्हणजे डाळमिलवाले, मोठ्या आवाजाचे, पण मनानं वाईट नाहीत. खाली मेस, वर तीन मजले, मजल्याला आठ खोल्या, खोलीत चार मुली. अशा शहाण्णव. बारावी झालेल्या, सीईटी आणि नीटचा अभ्यास करणाऱ्या.

ड्रमचं असं झालं. गेल्या वर्षी पाणी तुटलं तेव्हा एका मुलीच्या वडिलांनी तिच्यासाठी निळा ड्रम आणून दिला, दोनशे लिटरचा. दुसऱ्या मुलीच्या बापाला वाटलं आपली पोर मागं कशी राहील? यंदा तर ट्रंक, गादी आणि ड्रम अशीच ॲडमिशन झाली. प्रत्येक ड्रमवर ऑइलपेंटनं मुलीचं नाव आणि गावाचं नाव. खोलीत अडचण नको म्हणून ठेवले गॅलरीत, जायला वाट राहावी म्हणून अगदी कठड्याला टेकवून. चार फूट बाहेर आलेल्या स्लॅबच्या टोकाला एकेक ड्रम म्हणजे दोनशे किलो, आणि दर दोन फुटांवर एक. मी गॅलरीत माणसं धरली होती मामा. उभी राहणारी, केस वाळवणारी, पाठांतर करत फेऱ्या मारणारी. पाणी धरलं नव्हतं.

चीर मेसवाल्या पंचफुलाबाईंना दिसली. फरशी पुसायला पाणी नाही, म्हणून त्या नुसती झाडतात. मला फोन करून म्हणाल्या, "ताई, दुसऱ्या मजल्यावरचा केर सुपलीत येऊनच न्हाई राहिला. भिंतीच्या कडंला जाऊन गडप होऊन राहिलाय. तुमी येऊन बगा बरं." मी गेले. भिंतीला समांतर सरळ रेघ होती, आठही खोल्यांपुढून. दिसायला केसासारखी, पण केर गिळण्याइतकी खोल.

ऑफिसात येऊन सॉफ्टवेअरमध्ये ड्रम घातले. आजवर हिरवी असलेली गॅलरी टोकापासून भिंतीपर्यंत लाल झाली. अर्धा तास मी त्या स्क्रीनकडे बघत बसले. त्याचा काय दोष? विचारलं तेवढ्याचं उत्तर त्यानं दिलं होतं. तुम्ही ड्रॉइंगला हात लावण्याआधी लोकांच्या घरी जाऊन बायकांना विचारत बसायचात, कणगी कुठं ठेवता, डाळीची पोती कुठं, लग्नाची पंगत गच्चीवर बसते का. मी बाहेर गाडीत बसून हसत असायचे. मामांना पाहुणचाराची हौस, असं म्हणायचे.

अण्णारावांना सांगितलं, ड्रम खाली घ्या. ते म्हणाले, "खाली घेऊ? मग पोरी तीन-तीन जिने बादल्या वाहतील का अभ्यास करतील? पाच मेला सीईटी हाय. ही बातमी एका बापाच्या कानावर गेली की दुसऱ्या दिवशी निम्मं होस्टेल रिकामं. पोरी गावाकडं जातील, तिथं ना लाइट ना क्लास. वर्षभराची मेहनत पाण्यात. पंचवीस दिवस कळ काढा की मॅडम. ड्रॉइंग तर पास हाय ना? सही बी तुमचीच हाय."

त्यांनी धमकी दिली असं नाही, पण शेवटचं वाक्य जिथं लागायचं तिथं लागलं. उदगीरलाही त्यांना हेच होस्टेल बांधायचंय, नवीन जिल्ह्याला येणाऱ्या साहेब-कारकुनांसाठी, आणि ड्रॉइंग हेच, नुसतं नाव बदलून. मी मधला मार्ग काढला. सगळे ड्रम अर्धे भरायचे. अर्ध्या ड्रमवर सॉफ्टवेअर पुन्हा जवळजवळ हिरवं होतं.

सळईचं म्हणाल तर ती जागेवरच असणार. स्लॅबच्या दिवशीचा फोटो मी बघितला होता.

शिवकांता


लातूर, १७ एप्रिल २०१६

तीर्थरूप मामा,

यावेळी तुम्ही पत्र परत पाठवायचीही वाट बघितली नाहीत. बुधवारी दुपारी आईला फोन केलात. आई फोन कानाला तसाच धरून माझ्या ऑफिसात आली, रिक्षानं, पायात एक चप्पल घरातली. म्हणाली, "वीरभद्र म्हणून राहिला, फोटो बगणारी सळई कशी बगंल? पोरी आन् ड्रम आजच्या आज आत घे म्हणावं. शाणपण मग पाजळ." तुम्ही तिकडून ऐकत होतात ना? मला तुमचा खोकला ऐकू आला. चार वर्षांनी तुमचा आवाज म्हणून मी नुसता खोकला ऐकला, आणि तेवढ्यानंही बरं वाटलं.

आता खरं सांगते. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतला त्या दिवशी मी साइटवर नव्हते. ऑफिसात होते, पंख्याखाली. मिस्त्रीनं सकाळी व्हॉट्सॲपवर सळईचा फोटो टाकला, मी अंगठा पाठवला. फोटोत सळई छान वर होती. फोटोनंतर तिच्यावरून किती गडी पाट्या घेऊन नाचले, ते फोटोत कसं येणार? तुम्ही स्लॅबच्या दिवशी डोक्याला पंचा बांधून तिथंच जेवायचात आणि सळईवर पाय दिला की गड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचात. मला ते गावंढळ वाटायचं.

गुरुवारी चिरेजवळ फरशी काढून हातभर जागा फोडून घेतली. बाहेर आलेल्या गॅलरीचा सगळा जीव वरच्या सळईत असतो, ती वरून इंचभर खाली हवी. मला ती सव्वादोन इंचांवर सापडली. पाच इंचांच्या स्लॅबमध्ये जवळजवळ मधोमध, सुखात झोपलेली. ताकद तिसऱ्या हिश्श्यानं कमी. म्हणजे माझा अर्ध्या ड्रमचा मधला मार्गही खोटाच होता, कारण सॉफ्टवेअरमधली सळई ड्रॉइंगातल्या जागी होती आणि खरी सळई गड्यांच्या पायांनी ठरवलेल्या जागी. त्या चार दिवसांत काही झालं असतं तर? मामा, हे वाक्य मी पुढं लिहू शकत नाही.

पण बुधवारचं सांगते, कारण बुधवारी मला पहिल्यांदा तुमच्यासारखं काम करता आलं. पंचफुलाबाईंनी ताट वाजवून सगळ्या मुलींना मेसमध्ये जमवलं. मी उभी राहिले आणि सांगितलं, गॅलरीचं डिझाइन मी केलंय, त्यात ड्रम धरलेले नाहीत, आणि वरची सळईही मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. आजपासून गॅलरीत पायही ठेवायचा नाही. मग एक किनगावची मुलगी म्हणाली, "मॅडम, मग ड्रम कुठं ठेवायचे ते पण तुमीच सांगा."

तेव्हा मी लॅपटॉप उघडला नाही. विचारत बसले. पाणी कोण भरतं? मुलीच. कधी? टँकर आला की, मिळून पाइप धरतात. किती? गळ्यापर्यंत, कारण पुढचा टँकर कधी ते माहीत नाही. 'अर्धा ड्रम भरा' या माझ्या हुकुमाचं काय झालं? तर सगळ्या माना खाली. एकीनंसुद्धा पाळला नव्हता. पाण्याच्या बाबतीत लातूरच्या मुलीला अर्धं भरायला सांगणारी मी कोण टिकोजीराव? आणि आंघोळीला रोज किती काढता? तर एक तांब्या कमी बादली.

खोल्यांच्या मधल्या भिंतींखाली बीम आहेत, दणकट. ड्रम त्या भिंतींना टेकवून आत घ्यायचे असं ठरलं. मुलींनी पलंग सरकवले, पुस्तकांच्या ट्रंका पलंगाखाली ढकलल्या. भरलेले ड्रम हलवायचे म्हणजे पाणी काढावं लागणार, आणि काढलेलं पाणी ठेवणार कुठं? तर मेसमधली पातेली, कढया, परात, पंचफुलाबाईंचा पिठाचा डबासुद्धा! सांडलं नाही फारसं. एका ठिकाणी सांडलं तिथं दोन मुलींनी लगेच पाय धुऊन घेतले. संध्याकाळपर्यंत गॅलऱ्या रिकाम्या, गॅलरीच्या दारांना आतून कुलपं. मग घरी येऊन ड्रम नव्या जागी सॉफ्टवेअरमध्ये घातले. सगळं हिरवं. चार वेळा तपासलं. तुम्ही हसाल, पण ते हिरवं बघून मला रडू आलं. मला ते अजूनही आवडतं मामा, त्याबद्दल मी काही कमीपणा घेणार नाही.

शुक्रवारी होस्टेलच्या फळ्यावर माझ्या नावानं सूचना लावली. गॅलरी का बंद आहे, चूक कुणाची आहे, खोल्या का सुरक्षित आहेत, खाली माझा नंबर. अण्णाराव इतके ओरडले की डाळमिलमध्ये ऐकू गेलं असेल.

शिवी


लातूर, ९ मे २०१६

तीर्थरूप मामा,

सीईटी झाली. पेपर सोपा गेला म्हणतात, सगळ्याच म्हणतात, निकालाला कळेल.

सूचना लागल्यावर माझा फोन तीन दिवस थांबला नाही. आई शेजारी बसून कुणी मला काय म्हटलं ते ऐकायची आणि फोन ठेवला की त्या माणसाला उलट बोलायची. एका बापानं विचारलं, "तुमची सोताची पोरगी आसती तर तिथं ठिवली आसती का?" मी म्हणाले, त्या खोल्यांत ठेवली असती, गॅलरीत नाही, आणि सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिथंच राहायला गेले. दोन आठवडे किनगाववालीच्या खोलीत पाचवा पलंग माझा. पंचफुलाबाईंच्या हातचं वरण, आणि चार मुली एकाच वेळी मोठ्यानं केमिस्ट्री म्हणतायत. मला आता अर्धं रसायनशास्त्र पाठ आहे. अकरा मुलींना घरच्यांनी नेलं. त्यातल्या चार परत आल्या, एक तर ड्रमसकट. एकोणनव्वद मुलींनी इथूनच परीक्षा दिली.

तुमची पेन्सिल आता आमच्या पोस्टमनच्याही ओळखीची झालीय. दुरुस्तीचं रेखाटन पाठवलं त्यावरची तुमची खूण नसती तर मी पुन्हा तोंडावर आपटले असते. मी गॅलरीच्या कडेला नुसते लोखंडी खांब दिले होते. तुम्ही विचारलंत, 'कडेला टेकू दिलास तर स्लॅब मधे पोटाला वाकेल. पोटात सळई आहे का?' नव्हती, नावापुरती होती. टोकाला आधार नाही म्हणून जी वर घातली, तिला मी खालचं काम सांगत होते. आता खांबांपासून भिंतीपर्यंत आडवी लोखंडी चॅनल घेतली आहेत, दर तीन फुटांवर, गॅलरी त्यांच्यावर बसेल. सॉफ्टवेअरही तेच म्हणतं. त्याला विचारायचं कसं ते मात्र तुम्ही सांगितलंत. एक कबूल करा, चॅनलचं माप तुम्ही अंदाजानं लिहिलंत ते दोन मापं जास्त होतं. मी कमी केलंय. लोखंड काय झाडाला लागतं?

अण्णाराव पंधरा दिवस बोलले नाहीत. मग परवा स्वतः ऑफिसात आले, पाणी मागितलं, अर्धा ग्लास पिऊन उरलेलं कुंडीत ओतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमी माझं नाक कापलं. पर एक सांगा, त्या पोरींचे बाप मला फोन करून काहून म्हनून राहिले, पुढच्या वर्षी बी इथंच ठिवतो?" मी म्हणाले, मला काय माहीत. ते म्हणाले, "उदगीरचं बी तुमीच करा. पर तेच ड्रॉइंग चालंल का?"

नाही चालणार म्हणाले. उदगीरला आधी जाणार, तिथं कोण राहणार त्यांना विचारणार, आणि प्रत्येक स्लॅबला मी उभी राहणार. नसेल पटत तर दुसरा इंजिनिअर बघा. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "तुमचे मामा बी असेच हेकट हायत का?" मी म्हणाले, माझ्यापेक्षा जास्त.

आता एकच राहिलंय. गॅलऱ्या खांबांवर बसल्या की भार ठेवून चाचणी घ्यायचीय. तोवर गॅलरीच्या दारांची कुलपं मी काढणार नाही. आणि ती चाचणी तुमच्याशिवाय घेणार नाही. पत्र परत पाठवू नका. तुम्हीच या.

शिवी


लातूर, २७ जून २०१६

प्रिय मामा,

तुम्ही परवा वर गॅलरीत वजनं बघत होतात तेव्हा खाली काय चाललं होतं ते तुम्हाला सांगायचंय. दुष्काळात चाचणीसाठी पाणी कोण देणार, म्हणून अण्णारावांनी मिलमधून तुरीच्या डाळीची पोती आणली ना, तर ते सबंध दिवस खाली उभे होते. डाळीचा भाव काय चाललाय तुम्हाला माहीत आहे. आई त्यांना म्हणाली, "अण्णाराव, बाजूला व्हा की." ते म्हणाले, "माझी डाळ पडली तर मी झेलतो, अक्का." पंचफुलाबाई म्हणाल्या, "मालक, डाळ पडली तर आज मेसला वरन घट करीन." एवढ्या धाकधुकीत मी हसले म्हणून तुम्ही वरून डोळे वटारलेत. कारण हे होतं.

गॅलरी किती वाकेल याबद्दल तुम्ही खिशातली पट्टी न काढता म्हणालात, "अर्धं सूत." सॉफ्टवेअर त्याहून थोडं जास्त, दोन मिलिमीटर म्हणत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीखाली लावलेल्या मापकाच्या काट्यावर दोघांच्या मधला आकडा आला आणि तुम्ही तो तीनदा वाचलात. पोती उतरवली तसा काटा परत जागेवर आला. स्क्रीनवर गॅलरी लाल झाली तेव्हापासून रोज पहाटे स्वप्नात मी ती पडताना बघत होते. त्या सकाळनंतर बघितलेली नाही. दुसऱ्या मजल्याच्या पहिल्या दाराचं कुलूप तुम्ही मला काढायला लावलंत, आणि नव्या वर्षाच्या दोन मुली माझ्या अंगावरून धावत बाहेर गेल्या, तिथून काय काय दिसतंय ते बघायला. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. फार बरं वाटलं.

आता स्टँडवरचं. नांदेडच्या गाडीत तुम्ही खिडकीशी बसलात, आईनं दिलेली शेंगाचटणीची पुडी मांडीवर ठेवलीत, आणि गाडी सुरू झाल्यावर, म्हणजे मला उत्तर देता येऊ नये असा नेमका वेळ साधून म्हणालात, "शिवी, अर्धापूरला तुझं बरोबर होतं. त्याच दिवशी घरी जाऊन हातानं करून बघितलं. पंधरा पुरत होतं."

मी गाडीबरोबर चालत म्हणाले, "मग चार वर्षं काहून बोलला नाहीत?"

"तू चुकली असतीस तर दुसऱ्याच दिवशी बोललो असतो," तुम्ही म्हणालात. मग गाडी वळताना मान बाहेर काढून म्हणालात, "मी बोलत राहिलो असतो तर स्लॅबच्या दिवशी तू ऑफिसात बसली नसतीस."

मी तिथंच उभी राहिले, मागची गाडी हॉर्न देईपर्यंत. घरी आल्यावर आईला सांगितलं तर ती आधी तुम्हाला दोन शिव्या देऊन मग देवापुढं बसली.

मामा, याचं उत्तर मी देणं लागते. तुमचं पहिलं वाक्य मी घेतलं. चार वर्षं मला वाटत होतं की मी चुकले म्हणून तुम्ही तोंड फिरवलंत, आणि मी बरोबर आहे हे दाखवायला मी जे दिसेल ते पास करत गेले. मी बरोबर होते म्हणून तुम्ही रागावला होतात, हे कळून मला राग यायला हवा होता. आला नाही. म्हाताऱ्या माणसाला एका दुपारी, परक्यासमोर, आपला अंदाज उणा पडलेला बघावा लागला आणि तो दाखवणारी आपलीच भाची असावी, हे काय सोपं असतं? मला तुमची मायाच आली.

पण दुसरं वाक्य मी घेणार नाही. स्लॅबचा दिवस माझा होता. पंखा माझा होता, अंगठा माझा होता. त्यातला कणभरही तुमच्याकडे जाऊ देणार नाही, कारण तो माझ्याजवळ आहे तोवरच मी नीट काम करीन. तुम्ही तुमची चार वर्षं सांभाळा, मी माझा एक दिवस सांभाळते.

उदगीरचा पाया झाला. पहिला स्लॅब बारा जुलैला आहे. सकाळी सहापासून मी तिथं उभी असेन, आईचा एक जुना पंचा मागून घेतलाय, शिव्याही थोड्या पाठ केल्यात. तुम्ही या. तपासायला नको, तपासणं माझं मी करीन. नुसतं शेजारी उभं राहून बोलायला या. दिवसभर स्लॅब चालतो मामा, आणि मला तुमच्याशी खूप बोलायचंय.

तुमची,
शिवी